नात्यागोत्यांची इंग्रजी

इंग्रजी भाषेविषयी आपल्याकडे ज्या तक्रारी परंपरेने चालत आल्या आहेत, त्यांत सर्वांत जुनी आणि लोकप्रिय तक्रार ही की, या भाषेला नात्यांची काही चाडच नाही. काका, मामा, मावशीचे यजमान आणि आत्याचे यजमान या चौघांना ती एकाच 'अंकल'मध्ये कोंबते, आणि नणंद, जाऊ, भावजय व मेहुणी या चौघींची, ज्यांच्या मानपानात, हक्कांत आणि रुसव्याफुगव्यांत जमीनअस्मानाचे अंतर असते त्यांची, 'सिस्टर-इन-लॉ' या एकाच लांबलचक आणि कोर्टकचेरीचा वास येणाऱ्या शब्दावर बोळवण करते. आपल्याकडच्या लग्नात विहिणींची पंगत कशी बसली आणि मानाची साडी साधी निघाली म्हणून नेमके कोण रुसले, हे इंग्रजीत सांगू पाहणाऱ्याची पहिल्याच वाक्यात त्रेधा उडते, कारण व्याही आणि विहीण या नात्यांना त्या भाषेत मुळी नावच नाही. साडू या शब्दाविषयी तर बोलूच नये.

तक्रार खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. इंग्रजीचे हे दारिद्र्य जन्मजात नसून मागाहून ओढवलेले आहे, ही गोष्ट ती तक्रार करणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते. आणि जी बारीक नजर मराठीने 'हा माझा कोण लागतो' या प्रश्नावर खर्च केली, ती इंग्रजीने 'याचे माझे कसे काय चालले आहे' या प्रश्नावर खर्च केली, हे तर त्याच्या ध्यानातही येत नाही. या दोन्ही गोष्टी सावकाशीने पाहण्यासारख्या आहेत.

नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले, त्यापूर्वी त्या बेटावर जी इंग्रजी बोलली जात असे, तीत बापाच्या भावास 'फॅडेरा', आईच्या भावास 'एआम', बापाच्या बहिणीस 'फाथू' आणि आईच्या बहिणीस 'मोद्रिये' असे चार स्वतंत्र शब्द होते. म्हणजे आपले काका, मामा, आत्या आणि मावशी जसेच्या तसे. यांतला 'फॅडेरा' संस्कृतातील 'पितृव्य' या शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे. त्या समाजात मामा आणि काका यांतील भेद केवळ शब्दांपुरता नव्हता. इंग्रजांचे पूर्वज ज्या जर्मन टोळ्यांतून आले, त्यांच्याविषयी रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन ९८च्या सुमारास असे नमूद करून ठेवले आहे की, बहिणीच्या मुलास मामाकडे बापाइतकाच मान असतो, आणि काही लोक तर हे नाते इतके पवित्र मानतात की शत्रूकडून ओलीस मागताना ते भाचेच मागून घेतात. जुन्या इंग्रजीतील 'बेओवुल्फ' या महाकाव्याचा नायकही राजा ह्युयेलाकचा भाचा आहे, बहिणीचा मुलगा.

पुढे नॉर्मनांबरोबर फ्रेंच भाषा दरबारात, न्यायालयात आणि जमीनदारांच्या वाड्यांत शिरली, आणि तिच्याबरोबर 'अंकल', 'आंट', 'कझिन', 'नेफ्यू' व 'नीस' ही पाहुणेमंडळी येऊन कायमची राहिली. यांतली गंमत अशी की, ज्या लॅटिनमधून हे शब्द फ्रेंचमध्ये उतरले त्या लॅटिनमध्येही चारही नाती वेगवेगळी होती: काकास 'पत्रुउस', मामास 'अवुंकुलस', आत्यास 'अमिता' आणि मावशीस 'मातेर्तेरा'. फ्रेंचने त्यांतले दोनच शब्द ठेवले. 'अंकल' निघाला अवुंकुलसपासून आणि 'आंट' निघाली अमितापासून. एतावता व्युत्पत्तीच्या काटेकोर न्यायाने पाहिले तर जगातला प्रत्येक अंकल हा मामा आहे आणि प्रत्येक आंटी ही आत्या. आपल्या सोसायटीच्या जिन्यात शेजारच्या सद्गृहस्थांना 'अंकल' म्हणून हाक मारणारे पोर नकळत त्यांना आपल्या आईचा भाऊ करून टाकते, हे त्या सद्गृहस्थांच्या लक्षात आले तर भाऊबीजेचा खर्च वाढावयाचा. जुना 'एआम' मात्र एकदम नाहीसा झाला नाही. स्कॉटलंडच्या आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत तो 'ईम' या रूपाने पुष्कळ दिवस टिकून राहिला, आणि 'ईम्स' या आडनावात तो आजही आहे.

घराच्या गाभ्यातले शब्द तेवढे नॉर्मनांना हलवता आले नाहीत. फादर, मदर, ब्रदर, सिस्टर, सन, डॉटर हे अस्सल देशी राहिले, आणि पितृ, मातृ, भ्रातृ, स्वसृ, सूनु, दुहितृ यांच्याशी त्यांचे गोत्र जुळते. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. त्यानंतर विद्वानांनी जी प्रमाणे गोळा केली, त्यांत या घरगुती शब्दांचे वजन फार मोठे होते. 'विडो' आणि 'विधवा' हे दोन शब्द शेजारी ठेवले की सामान्य वाचकालाही निराळे प्रमाण लागत नाही. 'नेफ्यू' जरी फ्रेंचच्या वाटेने आला तरी त्याचे लॅटिन मूळ आणि संस्कृत 'नप्तृ' ही एकच. त्या नप्तृपासून आपला 'नातू' झाला. आपल्याकडे तो मुलाचा मुलगा राहिला, तिकडे भावाबहिणीचा मुलगा झाला, आणि पोपमंडळींनी आपल्या पुतण्याभाच्यांची चर्चमध्ये जी सढळ सोय लावून दिली तिच्यामुळे त्यापासून 'नेपोटिझम' हा शब्द निपजला, ज्याचा अर्थ महाराष्ट्रातील वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता प्रश्न असा की, आपण हे भेद का जपले आणि इंग्रजांनी का सोडले. शब्द व्यवहाराच्या आधाराने जगतात. आपल्याकडे वतनाच्या तक्षिमा पाडताना, दत्तकाचा वाद दिवाणी अदालतीत गेला असता, अगर वारसाची नोंद दफ्तरी करताना चुलतभाऊ कोण आणि मामेभाऊ कोण हे कारकुनास ठाऊक असणे अपरिहार्य होते, कारण एकाचा हिस्सा निघत असे आणि दुसऱ्याचा निघत नसे. त्याहून मोठे कारण विवाहाचे. महाराष्ट्रातील पुष्कळ जातींत मामाची मुलगी करण्यास आडकाठी नाही, किंबहुना तिच्यावर भाच्याचा हक्कच समजला जातो. उलट चुलतबहीण आणि मावसबहीण या बहिणीच, आणि आतेबहिणीशी सोयरीकही बहुतेक ठिकाणी वर्ज्य. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतीय आप्तसंबंधांवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात प्रांतोप्रांतीच्या नात्यांची नावे आणि विवाहाचे नियम शेजारी ठेवून पाहिले आहेत, ते याच दृष्टीने. जिथे एकीशी लग्न होऊ शकते आणि दुसरीला राखी बांधावी लागते, तिथे दोघींनाही 'कझिन' म्हणून भागत नाही.

इंग्लंडात रोमन चर्चने दूरदूरच्या नात्यांतही विवाह निषिद्ध ठरवला होता. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ती मर्यादा सातव्या पिढीवरून चौथीपर्यंत खाली आणली, आणि आठव्या हेन्रीच्या १५४० च्या कायद्याने सख्ख्या चुलत-मावस-मामे-आते भावंडांचा विवाहही मोकळा झाला. म्हणजे आधी सगळीच कझिन वर्ज्य होती, मग सगळीच चालू लागली. कोणत्याही काळी त्यांच्यात भेद करण्याचे कारण उरले नाही. चार्ल्स डार्विनने १८३९ साली एमा वेजवुडशी लग्न केले, तेव्हा त्याच्या इंग्रजी चरित्रकारास 'कझिन' एवढे म्हणून पुढे जाता येते. मराठी चरित्रकाराला मात्र लेखणी थांबवून वंशावळ उघडावी लागते आणि एमा ही डार्विनच्या आईच्या भावाची मुलगी, म्हणजे मामेबहीण, हे पाहिल्यावर तो समाधानाने पुढे लिहू लागतो. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीने आल्बर्टशी विवाह केला. राणीची आई ही आल्बर्टच्या वडिलांची बहीण, तेव्हा आल्बर्टने केली ती आत्याची मुलगी. आणि आमच्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्यांनी त्या सोयरिकीस नाक मुरडले असते.

'इन-लॉ' या प्रत्ययाचा इतिहास याहून चमत्कारिक आहे. जुन्या इंग्रजीत सासऱ्यास 'स्वेओर', सासूस 'स्वेगेर', सुनेस 'स्नोरु' आणि दिरास 'ताकोर' म्हणत. पहिले दोन श्वशुर आणि श्वश्रू यांचे सगोत्र. स्नोरु म्हणजे स्नुषा, जिच्यापासून आपली 'सून' आली. आणि ताकोर हा 'देवृ'चा, अर्थात आपल्या दिराचा, रूप पालटलेला नातलग. हे सगळे देशी शब्द लोपले आणि त्यांच्या जागी कायद्याने झालेला भाऊ, कायद्याने झालेली आई अशी जोडकामे आली. हा कायदा राजाचा नव्हे, धर्मपीठाचा. विवाहाने पतिपत्नी एकदेह होतात, तेव्हा पत्नीची बहीण ती पतीचीही बहीण, आणि बहिणीशी विवाह निषिद्ध, असा तो सरळ न्याय होता.

या न्यायाची झळ किती दूरवर पोचली ते एका उदाहरणावरून दिसेल. प्रसिद्ध चित्रकार विल्यम होल्मन हंट याची पहिली पत्नी फॅनी १८६६ साली वारली, आणि काही वर्षांनी तिची धाकटी बहीण ईडिथ हिच्याशी विवाह करावयाचे त्याने ठरवले. १८३५ च्या कायद्याने असले विवाह मुळातच रद्दबातल ठरत असल्यामुळे त्या जोडप्याला १८७५ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल गाठून तिथे लग्न लावावे लागले. आपल्याकडे बायको वारली आणि मुले लहान असली की वडीलधारी माणसे प्रथम मेहुणीकडेच पाहतात, कारण मावशी झाली तरी ती आईच. आणि ज्या गोष्टीस आपण मुलांच्या कल्याणाचा राजमार्ग समजतो तीच इंग्लंडात अगम्यागमन ठरत होती. ही बंदी उठवण्याचे बिल पार्लमेंटात वर्षानुवर्षे येत राहिले, नाटकांतून त्याची थट्टा झाली, आणि अखेर १९०७ साली ते मंजूर झाले. मृत भावाच्या विधवेशी विवाह करण्याची मोकळीक मिळावयास १९२१ साल उजाडले. जाता जाता सांगावयाचे तर, 'मदर-इन-लॉ' हा शब्द एके काळी सावत्र आईसही लावीत. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधील सॅम वेलर आपल्या बापाच्या दुसऱ्या बायकोस तसेच म्हणतो, आणि हे ठाऊक नसलेला मराठी वाचक अविवाहित सॅमला सासू कुठून आली म्हणून बुचकळ्यात पडतो.

रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यांत इंग्रजीने जे गमावले, ते तिने मानलेल्या नात्यांत पुष्कळ अंशी भरून काढले. 'फ्रेंड' हा शब्द प्रेम करणे या अर्थाच्या जुन्या धातूचे वर्तमानकालवाचक रूप असून त्या धातूचे नाते 'प्रिय'शी आहे. त्याच घडणीचे द्वेषार्थी रूप 'फीन्ड', ज्याचा अर्थ पूर्वी नुसता शत्रू होता आणि आता राक्षस झाला आहे. 'कंपॅनियन' म्हणजे एका भाकरीत वाटा असलेला, 'कॉम्रेड' म्हणजे एका खोलीत राहणारा, आणि 'फेलो' हा नॉर्स लोकांचा शब्द, ज्याचा मूळ अर्थ धंद्यात आपले द्रव्य घालणारा भागीदार. 'रायव्हल' हा तर शेतकऱ्यांच्या मुलखातला शब्द: रोमन लोकांत एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे ते रायव्हल, आणि पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या फिर्यादी चालतात त्या देशातील वाचकास प्रतिस्पर्धी हा अर्थ त्यातून कसा निघाला हे निराळे सांगावयास नको. 'गॉसिप' मुळात 'गॉडसिब', म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारा मानलेला नातलग. मग बाळंतपणास जमलेल्या मैत्रिणी. आणि मग त्या मैत्रिणी तिथे बसून जे करीत ते. या शब्दातील 'सिब' म्हणजे आप्त, आणि त्याच मुळाचा 'सिब्लिंग' हा विस्मृतीत गेलेला शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी पुन्हा उकरून काढला, कारण आनुवंशिकतेवर लिहिताना 'भावंड' म्हणावयास इंग्रजीत शब्दच नव्हता.

'फॅमिली' या शब्दाकडे पाहून तर आपली कुटुंबाची कल्पनाच तपासून घ्यावीशी वाटते. सॅम्युएल पेपीस आपल्या विख्यात दैनंदिनीच्या आरंभी, जानेवारी १६६० मध्ये, आपल्या फॅमिलीत तीन माणसे असल्याचे सांगतो: तो स्वतः, त्याची बायको आणि मोलकरीण जेन. लॅटिनमधील 'फामुलुस' म्हणजे नोकर, आणि त्यावरून फॅमिली म्हणजे एका धन्याच्या छपराखालचा सगळा गोतावळा. आपल्या जुन्या वाड्यांतले कारकून, आश्रित आणि विद्यार्थी जमेस धरले तर हा अर्थ आपल्याला मुळीच परका वाटू नये.

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे वळतो. मराठीत दोन माणसांमधले अंतर सर्वनामच सांगून टाकते. तू, तुम्ही आणि आपण यांतून कोणते निवडले एवढ्यावरून नात्याची पायरी कळते. इंग्रजीतही पूर्वी 'दाऊ' होते, आणि ते अपमानासाठीही वापरता येई. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक याने त्या मातबर सरदारास मुद्दाम एकेरीवर आणून दुखावले, हे प्रसिद्ध आहे. पुढे नित्याच्या बोलण्यातून एकेरी सर्वनाम गेले आणि राजापासून कुत्र्यापर्यंत सर्वांना 'यू' झाले. तेव्हा जवळीक, दुरावा, धुसफूस आणि समेट हे सगळे सांगण्याचे ओझे क्रियापदांवर आणि त्यांच्या शेपटीला लागलेल्या दोन-तीन अक्षरी अव्ययांवर पडले.

आपला विद्यार्थी नेमका इथेच कच्चा असतो, कारण त्याने 'क्वरल' हा एक शब्द पाठ केलेला असतो आणि तेवढ्यावर तो जन्मभर निभावून नेतो. वस्तुतः दोघांची एकदा बाचाबाची झाली तर ते 'हॅव अ रो'. त्यातून बिनसून येणेजाणे थांबले तर 'फॉल आउट'. प्रेमिकांचे किंवा पतिपत्नीचे फाटले तर 'ब्रेक अप'. भांडण काहीच न होता नुसता काळ गेला, गावे बदलली आणि पत्रे विरळ झाली तर 'ड्रिफ्ट अपार्ट'. आणि पुन्हा गोड झाले तर 'मेक अप'. पटते तेव्हा 'गेट ऑन'; पटत नाही पण इलाज नाही तेव्हा 'पुट अप विथ', ज्यात आपल्या 'चालवून घेणे'चा सगळा सुस्कारा आहे. पहिल्याच भेटीत एखादा माणूस मनास आला तर 'टेक टु', आणि मुलगा बापाच्या वळणावर गेला तर 'टेक आफ्टर'. एका अव्ययाच्या फरकाने अर्थ कुठल्या कुठे जातो, म्हणून ही क्रियापदे सुटी पाठ न करता पूर्ण वाक्यांत ऐकावी लागतात. भरवशाच्या माणसाने ऐन वेळी पाठ फिरवली तर इंग्रज 'लेट डाउन' म्हणतो, आणि संकटात कोणी पाठीशी उभा राहिला तर 'स्टँड बाय'. एका ठिकाणी मात्र मराठीने बाजी मारली आहे: आपल्या 'अबोला' या तीन अक्षरांसाठी इंग्रजास 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स' एवढा द्राविडी प्राणायाम करावा लागतो, आणि तरी त्यात अबोला धरणाऱ्याचा मानीपणा येत नाही तो नाहीच.

नव्या शब्दांकडे मी काहीशा संशयाने पाहतो, पण त्यांतले काही टिकाऊ आहेत. 'गॅसलाइटिंग' हा त्यांपैकी एक. पॅट्रिक हॅमिल्टनचे 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ साली लंडनमध्ये आले. त्यात नवरा चोरून वरच्या मजल्यावर दडलेली रत्ने शोधताना तिथला गॅसचा दिवा लावतो, त्यामुळे खाली बायकोच्या खोलीतली ज्योत मंद होते, आणि तिला ते दिसते तरी तिचे डोके फिरत चालल्याचे तिच्या मनावर ठसवले जाते. १९४४ च्या चित्रपटात इन्ग्रिड बर्गमनने ती बायको रंगवली. समोरच्याला स्वतःच्या डोळ्यांवरच अविश्वास वाटावयास लावण्याच्या या दुष्टाव्यास एकशब्दी नाव नव्हते, ते मिळाले. मेरियम-वेब्स्टर कोशकारांनी २०२२ या वर्षाचा शब्द म्हणून तोच निवडला. उलट अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९७० नंतरच्या दशकात, विवाहाविना एकत्र राहणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी लांबलचक वर्णनाची आद्याक्षरे जुळवून 'पॉसलक्यू' असा जो कारकुनी शब्द घडवला, तो थट्टेचा विषय होऊन मागे पडला. त्याची जागा 'पार्टनर'ने घेतली, आणि हा शब्द मूळचा कुठला पाहावे तर वारसाहक्काच्या कायद्यातला! 'पार्सनर' म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला सहहिस्सेदार, त्याचेच हे रूपांतर. आपल्या हिंदू कायद्याच्या इंग्रजी पुस्तकांत एकत्र कुटुंबातल्या सहदायादास 'कोपार्सनर' म्हणतात तो याचाच सख्खा भाऊ. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना जो दर्जा मिळाला तो हाच.

राहता राहिले 'लव्ह'. त्याचा आणि संस्कृत 'लुभ्' धातूचा उगम एकच. तेव्हा इंग्रज पत्राच्या शेवटी 'लव्ह' लिहितो आणि आपण 'लोभ असावा' लिहितो, त्यात अंतर असेल तर एवढेच की तो देतो आणि आपण मागतो.

इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी माणसाला या सगळ्यावरून व्यवहारापुरते एवढेच सुचवावेसे वाटते की, 'कझिन ब्रदर' हा आपला देशी शब्द इंग्रजांस हास्यास्पद वाटला तरी आपल्या गरजेतून जन्मलेला आहे, म्हणून बोलताना तो खुशाल वापरावा. मृत्युपत्र, खरेदीखत किंवा वारसाचा अर्ज इंग्रजीत करावयाचा असेल तेव्हा मात्र अंकल, कझिन आणि सिस्टर-इन-लॉ या तिन्ही शब्दांस दूर ठेवून 'वडिलांच्या थोरल्या भावाचा मुलगा' असे पूर्ण नाते, माणसाच्या नावानिशी, लिहून काढावे. त्यात दोन ओळी जास्त जातात, पण पुढे वकिलाचा खर्च वाचतो.